एकशे चौसष्ट

तक्रारीच्या कागदावर लिहिलं होतं : स्पीड नाही.
स्पीड होता.
शंभरच्या प्लॅनला सत्त्याण्णव येत होते.
पण चोडणच्या त्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड,
आणि राउटर ठेवलेला पुढच्या सालात,
आल्तारच्या शेजारी, कागदी फुलांच्या मागे,
जणू तिथून त्यानं फक्त आशीर्वाद द्यायचा.
खेळायची खोली मागे, दोन भिंतींपलीकडे.
चिरा पाणी पितो हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक.
वायफायही पितो, हे आम्हा लाइनमनना.

लिझेटनं सामना लावून दाखवला.
"बघा अंकल, मी पास देते
आणि चेंडू विचार करत बसतो."
हेडफोनमध्ये कुणीतरी हसलं.
तिचा भाऊ, आल्विटो. स्विंडनला, कुठल्याशा गोदामात.
इथे होता तेव्हा गावच्या संघाचा गोली.

मी आधी दिवे वाचले. फायबर ठीक.
मग सापडलं : मोडेमही राउटरचं काम करतोय
आणि राउटरही.
एका घराला दोन राखणे,
येईल त्याला दोघेही विचारणार, कुणाचा रे तू?
एकाला गप्प बसवला. ब्रिज मोड.
पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच होता, तो बदलला;
आईनं नवा लिहून घेतला कॅलेंडरवर,
माशेवालीच्या हिशेबाखाली.

मग केबल. बावीस मीटर, निळी.
शिंपल्यांच्या खिडकीखालून, दाराच्या चौकटीवरून,
कोपऱ्यात कोन न करता, सैल वळण देत.
केबलला कोन सोसत नाही.
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी…
आठ तारांचा हा क्रम मला झोपेतही येतो,
बायकोचा वाढदिवस येत नाही.

पिंग तीनशे बारावरून एकशे चौसष्टवर आला.
"अजून?" लिझेट म्हणाली.
"अजून नाही."
"का?"
आता काय सांगू पोरीला.
चिरा मी ओलांडला, दुसरा राखणा हटवला,
पण मधला समुद्र काही मी बसवलेला नाही.
उजेडालासुद्धा तिथे जाऊन परत यायला वेळ लागतो.

तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरात मोबाइलवर मालिका लावली
आणि आकडा पुन्हा उसळला. दोनशे नव्वद.
म्हणजे रांग लावावी लागणार :
कोण पुढे, कोण मागे, ते राउटरला सांगायचं.
ते मी ठरवत नाही. घरातल्याला विचारतो.
एका घरात यावरून भांडण लागलेलं पाहिलंय,
बाप विरुद्ध मुलगा, मध्ये मी, हातात पकड.

आई हात पुसत आली.
"म्हजी सिरियल रावता," म्हणाली,
"ताका सुटी फकत आयतारा."
मी बटण दाबलं. खेळ वर, बाकी सगळं खाली.
तिच्या फोनवर नायिका अर्ध्या रडण्यात थांबली,
गोल गोल फिरत राहिलं काहीतरी,
आणि ती फोन तसाच टेकवून
कांदा चिरायला बसली.

आतून लिझेट ओरडली. गोल.
तिनं खाल्ला की दिला, कळलं नाही.
हेडफोन काढून तिनं आवाज खोलीभर सोडला होता
आणि आल्विटो कोंकणीत शिव्या घालत होता,
इतक्या ताज्या, की आईनं सुरी ठेवली
आणि क्रूस काढून हसली.

शेवटून दुसरी फेरी मिळाली मला.
लोक विचारतात, पिंग म्हणजे नेमकं काय,
तेव्हा मी रायबंदरचा धक्का सांगतो :
नदी किती रुंद ते नव्हे,
बोट तिकडे जाऊन परत यायला किती वेळ, ते.
बहुतेकांना पटतं.
बोट मधोमध आली तेव्हा पिशवी चाचपली.
क्रिम्परची पकड नव्हती.
राहिली असणार तिथेच, आल्तारवर,
राउटर उचलला त्या जागी.